तालीम

आमच्या पाटणकडे ‘तालीम’ म्हटलं की लाल माती आणि लंगोट डोळ्यांपुढे येतो. पण जत्रा जवळ आली की याच शब्दाचा अर्थ बदलायचा. शाळेच्या खोलीत कंदिलाच्या उजेडात नाटकाची तालीम सुरू व्हायची. पहिल्या नाटकात मला तीनच वाक्यं होती. तालमी चुकवल्या आणि ऐन वेळी तिन्ही विसरलो! त्या फजितीनंच मला नाटकाच्या इतिहासाकडे वळवलं.

आमची कोयना कऱ्हाडला कृष्णेत मिसळते आणि ते पाणी पुढं सांगलीला जातं. त्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं. पाठीशी संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन होते. अभिनय शिकवणारी शाळा तेव्हा कुठली? दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय तर १९५९ चं. भाव्यांची मंडळी हीच नटांची शाळा. पदं सूत्रधार म्हणायचा आणि त्या अनुरोधानं पात्रं आपली भाषणं करायची. संवाद लिहिलेले नाहीत, म्हणजे तयारी अधिकच हवी.

१८५१ मध्ये अप्पासाहेब गेले आणि राजाश्रय सुटला. भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव फिरायला सुरुवात केली. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. शाळा आता प्रेक्षकांच्या पैशावर चालू लागली.

पुढच्या पिढीत सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आले. ‘संगीत शारदा’चे नाटककार म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण किर्लोस्कर मंडळीत ते नटांना शिकवणारे मास्तरही होते. गणपतराव बोडस आणि १९०५ मध्ये मंडळीत आलेले बालगंधर्व त्यांच्या तालमीत तयार झाले. गळा देवानं दिला असेल, पण वाक्य कुठं तोडावं, कुठं थांबावं, हे कुणीतरी शिकवावंच लागतं.

सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या नावानं गौरवपदक दिलं जातं. १९६० मध्ये पहिलं पदक मिळालं ते बालगंधर्वांना. ते देणाऱ्या संस्थेच्या नावात ‘नाट्य विद्यामंदिर’ हे शब्द आहेत, हे मला फार योग्य वाटतं.

आमच्या गावानं आता जत्रेला स्वतःचं नाटक बसवणं सोडलंय. ऑर्केस्ट्रा येतो, रात्र रंगते. नाटक गेलं याचं वाईट वाटतंच. पण चारचौघांत तोंड न उघडणारी पोरं ज्या खोलीत मोठ्यानं बोलायला शिकायची, ती तालीम गेली, याचं अधिक वाईट वाटतं.