वॅक्सहॉची एलिझाबेथ

स्कॉट-आयरिश वसाहतकऱ्यांच्या शौर्यकथा आपण वाचतो. त्यांच्या स्त्रियांविषयी इतिहासकार फारसे बोलत नाहीत. अँड्र्यू व एलिझाबेथ जॅक्सन हे प्रेस्बिटेरियन दांपत्य १७६५ साली दोन मुलांसह उत्तर आयर्लंडहून कॅरोलायनाच्या वॅक्सहॉ भागात आले. १७६७ मध्ये अँड्र्यू वारला. धाकटा मुलगा त्यानंतर जन्मला. एलिझाबेथ बहिणीच्या घरी राबू लागली. स्वातंत्र्ययुद्धात थोरला ह्यू १७७९ मध्ये गेला. १७८१ मध्ये कॅम्डेनच्या इंग्रजी तुरुंगातून, देवी आलेल्या उरलेल्या दोघांना तिने सोडवून आणले. रॉबर्ट घरी पोहोचताच दगावला. धाकटा सावरल्यावर ती चार्ल्सटनला कैद्यांच्या शुश्रूषेस गेली व तेथेच साथीत वारली. तो चौदा वर्षांचा पोरका अँड्र्यू १८२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. १८३० मध्ये मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीवरून हुसकावणाऱ्या कायद्यावर त्याचीच सही आहे, हे आम्हांस सहजी पचत नाही. आईची कबर त्याला कधीच सापडली नाही.