बॉर्डरलँड्स २ मधील अतिरिक्त पात्रवर्ग

बॉर्डरलँड्स २ या प्रथमपुरुषी नेमबाजीच्या व्हिडिओ गेममध्ये मूळ चार पात्रवर्गांनंतर दोन नवे वर्ग जोडण्यात आले. गेज ही 'मेक्रोमॅन्सर' ९ ऑक्टोबर २०१२ रोजी आणि क्रीग हा 'सायको' १४ मे २०१३ रोजी उपलब्ध झाला. दोन्ही पात्रे डाउनलोड करण्याजोगी स्वतंत्र भर म्हणून प्रत्येकी ९.९९ अमेरिकन डॉलरला विकली गेली. खेळाच्या 'सीझन पास'मध्ये त्यांचा समावेश नव्हता. गेजच्या वर्गातील नवशिक्यांसाठीच्या कौशल्यांवरून खेळ प्रकाशित होण्यापूर्वीच मोठा वाद झाला होता.

== पार्श्वभूमी ==

गिअरबॉक्स सॉफ्टवेअरने तयार केलेला आणि टूके गेम्सने प्रकाशित केलेला हा खेळ १८ सप्टेंबर २०१२ रोजी उत्तर अमेरिकेत आला. त्यात कमांडो ॲक्सटन, सायरन माया, गन्झर्कर साल्वाडोर आणि असॅसिन झिरो हे चार वर्ग होते. प्रत्येक वर्गाला एक विशेष कृती आणि तीन कौशल्यवृक्ष असतात. विशेष कृती पाचव्या पातळीवर खुली होते व त्यापुढे प्रत्येक पातळीमागे एक कौशल्यगुण मिळतो. नवे पात्र घेणाऱ्या खेळाडूला कथा पहिल्या पातळीपासून पुन्हा खेळावी लागत असे.

एका वेळी चार जणांपर्यंत एकत्र खेळता येते. कन्सोलवर दोघे जण एकाच पडद्याचे दोन भाग करून खेळू शकतात. खेळाडूंची संख्या वाढली की शत्रूही अधिक बळकट होतात. त्यामुळे नेम न साधणारा सोबती गटाला मदत करण्याऐवजी भार ठरण्याची शक्यता असते. नव्या वर्गाच्या रचनेत ही अडचण विचारात घेतली गेली.

== मेक्रोमॅन्सर ==

गेज ही ईडन-५ ग्रहावरील किशोरवयीन शोधक आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने 'डेथट्रॅप' हा यंत्रमानव बनवला. त्याच्या हातून एका सहाध्यायिनीचा मृत्यू झाल्यावर तिला पळून पँडोरा ग्रहावर यावे लागले. तिची विशेष कृती म्हणजे डेथट्रॅपला काही काळ रणांगणावर बोलावणे. इंग्रजी आवृत्तीत तिला चेरामी ली यांनी आवाज दिला आहे.

'बेस्ट फ्रेंड्स फॉरएव्हर' हा तिचा पहिला कौशल्यवृक्ष अननुभवी खेळाडूंना डोळ्यांसमोर ठेवून आखला गेला. त्यातील 'क्लोज इनफ' या कौशल्यामुळे भिंतीवर किंवा जमिनीवर आदळलेली गोळी काही वेळा उसळून जवळच्या शत्रूकडे वळते. मात्र तिचा आघात कमी असतो. 'लिटल बिग ट्रबल' हा दुसरा वृक्ष विद्युत आघातावर आधारलेला आहे.

'ऑर्डर्ड केऑस' या तिसऱ्या वृक्षाचा स्वभाव अगदी उलट आहे. त्यातील 'अनार्की' कौशल्य घेतल्यावर शत्रू मेला किंवा मॅगझिन पूर्ण रिकामे झाले की एक थर जमा होतो. प्रत्येक थरामागे आघात १.७५ टक्क्यांनी वाढतो आणि अचूकता तितकीच घटते. थरांची मूळ मर्यादा १५० असून दुसऱ्या एका कौशल्याने ती ४०० पर्यंत नेता येते. मॅगझिन संपण्याआधी बंदूक स्वतःहून भरली की जमवलेले थर जातात. नेमबाजीच्या खेळांत चकमक संपताच बंदूक भरण्याची सवय बोटांत भिनलेली असते. या वर्गात तीच सवय मोडावी लागते.

थर वाढले की गोळ्या चहूकडे विखुरतात. तेव्हा 'क्लोज इनफ' उपयोगी पडते, कारण चुकलेल्या गोळ्यांपैकी काही पुन्हा शत्रूला शोधतात. नवशिक्यांसाठी केलेली सोय अशा रीतीने निष्णात खेळाडूंच्या सर्वांत संहारक रचनांचा भाग झाली.

== 'गर्लफ्रेंड मोड' वाद ==

ऑगस्ट २०१२ मध्ये युरोगेमर या संकेतस्थळाशी बोलताना रचनाकार जॉन हेमिंग्वे यांनी पहिल्या कौशल्यवृक्षाचा उद्देश समजावून सांगितला. अशा खेळांची आवड असलेल्या, पण त्यात तरबेज नसलेल्या व्यक्तीलाही सोबत खेळता यावे, असा त्यांचा मुद्दा होता. दुसरा चांगला शब्द सुचत नसल्याचे सांगत त्यांनी त्याला 'गर्लफ्रेंड मोड' म्हटले. स्त्रिया खेळात कच्च्या असतात असे यात गृहीत धरले आहे, अशी टीका झाली. गिअरबॉक्सचे प्रमुख रँडी पिचफर्ड यांनी ट्विटरवर असा कोणताही मोड खेळात नसल्याचे स्पष्ट केले. वृक्षाचे अधिकृत नाव वेगळे असल्याने ते खरेच होते. टीका मात्र मुख्यतः शब्दामागील समजुतीवर होती. वादाच्या गदारोळात मूळ कल्पनेकडे थोडे दुर्लक्ष झाले. खेळाची एकूण काठिण्यपातळी न बदलता एकाच पात्रापुरती सवलत देण्याचा तो प्रयत्न होता, त्यामुळे सोबतच्या कसलेल्या खेळाडूला पूर्ण आव्हान मिळत राही.

== सायको ==

पहिल्या खेळापासून 'सायको' हे मुखवटा घातलेले, किंचाळत धावून येणारे शत्रू म्हणूनच परिचित होते. क्रीगच्या रूपाने त्यांतील एक खेळाडूच्या हाती आला. त्याच्या डोक्यात दोन आवाज आहेत: बाहेर असंबद्ध ओरडणारा आणि आत निरपराधांना वाचवू पाहणारा शहाणा. मायाशी त्याची पहिली भेट 'अ मीट बायसिकल बिल्ट फॉर टू' या प्रसिद्धीपर लघुचित्रफितीत दाखवली आहे.

'बझ ॲक्स रॅम्पेज' या विशेष कृतीत तो करवतीच्या पात्याची कुऱ्हाड घेऊन तुटून पडतो आणि शत्रू मारल्यावर त्याचे आरोग्य भरून निघते. ब्लडलस्ट, मेनिया आणि हेलबॉर्न हे त्याचे तीन वृक्ष आहेत. हेलबॉर्नमध्ये स्वतः पेटून घेण्याचा लाभ मिळतो. मेनियातील 'लाइट द फ्यूज' घेतल्यास कोसळल्यावर तो बंदुकीऐवजी डायनामाइट हातात घेतो. इतर वर्ग ज्या अवस्थेपासून दूर राहतात, तिच्याकडेच क्रीग धाव घेतो.

== पुढील काळ ==

दोन्ही पात्रे २०१५ मधील 'बॉर्डरलँड्स: द हँडसम कलेक्शन' या संग्रहात समाविष्ट झाली. 'द प्री-सिक्वेल'मध्येही जॅकचा तोतया आणि ऑरेलिया हे दोन वर्ग नंतर जोडले गेले. बॉर्डरलँड्स ३ साठी मात्र नवे पात्र आले नाही; नोव्हेंबर २०२० मध्ये प्रत्येक जुन्या पात्राला चौथा कौशल्यवृक्ष देण्यात आला. त्याच वर्षी गेज आणि क्रीग त्या खेळाच्या वेगवेगळ्या कथाभागांत परतले. गेज तेथे एका विवाहसोहळ्याची आयोजक आहे, तर दुसऱ्या भागाचे कथानक क्रीगच्या मनाच्या आत घडते.