कूतचे शेवटचे पाच दिवस

24 एप्रिल 1916, रात्री 8.
आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीवरच्या फलाहियाहून ‘जुलनार’ ही आगबोट 270 टन रसद घेऊन सुटली. तिला गाठायचं होतं कूत-अल-अमारा. पहिल्या महायुद्धात इंग्रजांकडून लढणारी जनरल टाउनशेंडची पुणे डिव्हिजन डिसेंबरपासून तिथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या, आणि त्यांतले कितीतरी शिपाई रत्नागिरी जिल्ह्याचे. भातावर वर्षाचं पोट भरत नसे, म्हणून मुंबईची गिरणी नाहीतर पलटण, ही कोकणातल्या घरांची ठरलेली वाट होती.

मध्यरात्र.
कूतपासून नदीमार्गे साडेआठ मैलांवर, मगासिसला, तुफान गोळीबार ऐकू आला आणि एकाएकी थांबला.

25 एप्रिल, रात्री 1.
कूतच्या सुटकेसाठी आलेल्या फौजेच्या जनरल गॉरिंजने कळवलं: बोट पोचलेली नाही.

सकाळी 7.30.
वैमानिकांनी ‘जुलनार’ पाहिली. ती तुर्कांच्या हाती होती.

कूतमध्ये तोवर जवाचं मूठ-दोन मूठ पीठ उरलं होतं. विमानांतून पोती टाकून पाहिली, पण एवढ्या फौजेला ती कुठून पुरणार? घोडे आणि खेचरं कापली जात होती. हिंदी शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे नाकारलं. धर्मगुरूंची परवानगी मागवली गेली, तरी गावी परतल्यावर भाऊबंद वाळीत टाकतील ही धास्ती सुटेना. पुष्कळांनी घास घेतला तो एप्रिलमध्ये, स्कर्व्हीने अंग खचल्यावर. त्यांना हट्टी म्हणणाऱ्या इंग्रज लेखकांना गाव म्हणजे काय, हे कळलंच नव्हतं.

27 एप्रिल.
टाउनशेंड तुर्की सेनापती खलील पाशाला भेटला. सुटकेच्या बदल्यात तोफा आणि दहा लाख पौंड देऊ केले. तुर्की युद्धमंत्री एन्व्हर पाशाने ते धुडकावले.

28 एप्रिल.
आता बेळगावकडे पाहा. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी याच दिवशी तिथे होमरूल लीग स्थापन केली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष झाले. आपली माणसं या साम्राज्यासाठी लढताहेत, मग आपल्याला स्वराज्य का नाही, असा प्रश्न आता उघडपणे विचारला जाणार होता. कूतच्या खंदकात त्याची वार्ताही नव्हती.

29 एप्रिल, सकाळ.
तोफा फोडल्या, दारूगोळा नष्ट केला. किल्ल्यावर आणि गावावर पांढरं निशाण चढलं. मग बिनतारी यंत्रही मोडून टाकलं.

दुपारी 2.
फौजेने शुमरानच्या छावणीकडे निघायचं, असा हुकूम होता. सुमारे 13 हजार माणसं कैद झाली. त्याच दिवशी ऑब्रे हर्बर्ट आणि टी. ई. लॉरेन्स हे ब्रिटिश अधिकारी खलीलला भेटले. पैशाचा देकार आता दुप्पट झाला होता, पण शरणागती होऊन गेली होती.

टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर घर मिळालं. शिपाई वाळवंट तुडवत बगदाद, मोसुल आणि पुढे रस-अल-ऐनच्या रेल्वेकामापर्यंत हाकलले गेले. कितीतरी वाटेतच मेले. इंग्रजांना मदत केल्याच्या आरोपावरून कूतमधल्या अरबांनाही तुर्कांनी फासावर चढवलं.

आणि इंग्रजांनी अरबांना दिलेला शब्द? 24 ऑक्टोबर 1915 रोजी इजिप्तमधला ब्रिटिश हाय कमिशनर मॅकमहनने मक्केच्या शरीफ हुसेनला पत्र लिहून, काही प्रदेश वगळून, अरब स्वातंत्र्याला पाठिंबा कबूल केला होता. कूत पडल्यावर 17 दिवसांनी, 16 मे 1916 रोजी, ब्रिटन आणि फ्रान्सने सायक्स-पिको कराराने तो मुलूख गुपचूप वाटून घेतला. मार्च 1917 मध्ये बगदाद घेतल्यावर ब्रिटिश जनरल मॉडने जाहीर केलं, की आम्ही जिंकायला नाही, मुक्त करायला आलो आहोत. त्याच वर्षी 20 ऑगस्टला भारतमंत्री माँटेग्यूने हिंदुस्थानलाही जबाबदार राज्यपद्धतीचं आश्वासन दिलं. दहा महिन्यांनी, 10 जून 1918 ला, मुंबईच्या युद्धपरिषदेत टिळकांनी होमरूलचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना अडवलं आणि ते उठून गेले. मार्च 1919 मध्ये खटल्याविना कैदेची मुभा देणारा रौलट कायदा आला.

कोकणातल्या शिपायाच्या रक्तावर हे दोन्ही शब्द दिले गेले आणि दोन्ही मोडले. तो स्वतः मात्र अखेरपर्यंत इमानाला जागला.

25 एप्रिल 1920 रोजी सान रेमोच्या परिषदेत इराक ब्रिटिशांच्या, तर सीरिया फ्रेंचांच्या ताब्यात देण्याचं ठरलं. त्याच उन्हाळ्यात इराक पेटून उठला, आणि ते बंड चिरडायला लंडनने पुन्हा हिंदी पलटणीच वापरल्या.