गोर्लेबेनच्या मारियान्ने फ्रित्सेन

जर्मनीतल्या अणुविरोधी चळवळीचा विषय निघाला की पेट्रा केलीचं नाव आधी घेतलं जातं, आणि ते रास्तच आहे. पण मला त्या इतिहासात मारियान्ने फ्रित्सेन अधिक मोलाच्या वाटतात. केली संसदेत गेल्या, जगभर बोलल्या. फ्रित्सेनबाई ल्युखोव-डानेनबर्ग या एकाच जिल्ह्यात पाय रोवून राहिल्या.

त्यांचा जन्म १९२४ सालचा, झारब्रुकेनचा. पुढे त्या वेंडलांडात, म्हणजे याच जिल्ह्याच्या परिसरात, येऊन राहिल्या. एल्बे नदीकाठचा हा विरळ वस्तीचा शेतीचा मुलूख तेव्हा तीन बाजूंनी पूर्व जर्मनीच्या सरहद्दीने वेढलेला होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे लांगेनडॉर्फला अणुवीज केंद्र आणण्याचं घाटत होतं. तेव्हापासूनच फ्रित्सेनबाई विरोधात उभ्या राहिल्या. २२ फेब्रुवारी १९७७ रोजी नीडरझाक्सन राज्याचे मुख्यमंत्री एर्न्स्ट आल्ब्रेख्त यांनी याच जिल्ह्यातल्या गोर्लेबेन गावाचं नाव जाहीर केलं. वापरलेल्या अणुइंधनावर प्रक्रिया करणारा कारखाना इथे उभारायचा आणि उरलेला कचरा जमिनीखालच्या मिठाच्या थरात कायमचा पुरायचा, असा बेत होता. जिल्ह्यातल्या नागरिकांच्या संघटनेची धुरा फ्रित्सेनबाईंकडे आली. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

या लढ्याचं खरं बळ माझ्या मते शेतकऱ्यांत होतं. एरवी सरकारवर भरवसा ठेवणारी, पुराणमतवादी म्हणावीत अशी ही माणसं १९७९ च्या मार्चमध्ये शेकडो ट्रॅक्टर घेऊन राज्याची राजधानी हानोफरकडे निघाली. ती वाटेत असतानाच, २८ मार्चला, अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाला. ३१ मार्चला हानोफरमध्ये सुमारे एक लाख माणसं जमली. मे महिन्यात आल्ब्रेख्त यांना विधिमंडळात कबूल करावं लागलं की प्रक्रिया कारखाना राजकीयदृष्ट्या रेटता येणार नाही. कचरा पुरण्याचा बेत मात्र त्यांनी सोडला नाही.

म्हणून ३ मे १९८० रोजी आंदोलकांनी मिठाच्या थराच्या तपासणीसाठी ठरलेल्या क्रमांक १००४ च्या बोअरच्या जागेवर लाकडी झोपड्यांचं गाव वसवलं आणि त्याला ‘स्वतंत्र वेंडलांड प्रजासत्ताक’ म्हटलं. स्वतःचे पासपोर्ट काढले, रेडिओही चालवला. ४ जूनला हजारो पोलिसांनी ते गाव मोडलं. पोलिसांच्या रांगेसमोर निर्धाराने उभ्या असलेल्या लहानखुऱ्या फ्रित्सेनबाईंचं छायाचित्र त्या काळाची ओळख होऊन राहिलं आहे.

मोडल्या गेलेल्या त्या गावात तेव्हा समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्ष गेऱ्हार्ड श्र्योडर आले होते. वीस वर्षांनी तेच चान्सलर झाले होते आणि ग्रीन पक्ष त्यांच्यासोबत सत्तेत होता. जून २००० मध्ये या सरकारने वीज कंपन्यांशी समझोता केला. अणुभट्ट्या बंद होणार हे ठरलं, पण त्यांना चालायला आणखी बरीच वर्षं मिळाली. पक्षाच्या उभारणीत फ्रित्सेनबाईंचा वाटा होता, तरी या समझोत्यानंतर त्या पक्षातून बाहेर पडल्या. सरकारी सन्मानपदकही त्यांनी नाकारलं. पक्षाने सत्तेसाठी भूमिका मऊ करणं समजू शकतं. पण ज्यांच्या गावात कचरा येतो त्यांनीही मऊ व्हावं, ही अपेक्षा अन्यायाचीच होती, आणि बाईंनी ती धुडकावली हे मला फार बरोबर वाटतं.

१९९५ पासून २०११ पर्यंत गोर्लेबेनच्या जमिनीवरच्या गोदामासाठी कचऱ्याच्या आगगाड्या पोलिसांच्या कड्यात येत राहिल्या आणि दर वेळी लोक रुळांवर, रस्त्यांवर बसत राहिले.

मार्च २०१६ मध्ये फ्रित्सेनबाई गेल्या. सप्टेंबर २०२० मध्ये देशभरातल्या जागांची छाननी झाली, तेव्हा भूगर्भाच्या कारणांवरून गोर्लेबेनचा मिठाचा थर यादीतून वगळला गेला. म्हणजे त्या आणि त्यांचे शेजारी चार दशकं सांगत होते तेच खरं ठरलं. १५ एप्रिल २०२३ रोजी जर्मनीतल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या. गोर्लेबेनला आलेली कचऱ्याची ११३ पिंपं मात्र जमिनीवरच्या गोदामात तशीच आहेत. ती कायमची कुठे ठेवायची, हे जर्मनीला अजून ठरवायचं आहे.