पहिला कॅमेरा: सावेदादा, फाळके आणि निवडीची कसोटी

मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी इंग्लंडहून २१ गिनींना मागवलेला कॅमेरा हा भारतीय माणसाच्या हाती आलेल्या पहिल्या काही चलच्चित्र-कॅमेऱ्यांपैकी एक होय. त्यावर त्यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथील कुस्ती टिपली खरी. परंतु फिल्म धुण्यासाठी, म्हणजे रसायनांच्या साह्याने तिच्यावरील सुप्त प्रतिमा दृश्य करण्यासाठी, ती विलायतेस पाठवावी लागली. त्यामुळे चित्रण साधले की फसले हे कळेपर्यंत प्रसंग केव्हाच सरून गेलेला असे.

धुंडिराज गोविंद फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, तेव्हा छायाचित्रण आणि छपाई या व्यवसायांत मुरलेल्या या गृहस्थांनी कॅमेऱ्याकडे सुटे यंत्र म्हणून पाहिले नाही, हेच त्यांचे मोठेपण. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांशी सल्लामसलत करून आणि सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओतील काम पाहून त्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला व त्याच्या जोडीला छिद्रणयंत्रही घेतले. त्या काळी कच्ची फिल्म बिनछिद्रांची मिळत असे, आणि कडेच्या छिद्रांत दाते अडकल्याखेरीज ती कॅमेऱ्यात पुढे सरकत नसे; म्हणून हे यंत्र नसते, तर उत्तम कॅमेराही निरुपयोगी ठरला असता. दादरच्या घरी सरस्वतीबाई फाळके अंधारात, केवळ स्पर्शाच्या आधाराने, ही छिद्रे पाडीत; या श्रमांचा उल्लेख चित्रपटाच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवा.

हा कॅमेरा हाताने फिरवायचा होता. प्रचलित रीतीप्रमाणे सेकंदाला दोन फेरे दिल्यास १६ चौकटी उमटत आणि ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म एक फूट पुढे सरके, त्यामुळे हात डळमळला की पडद्यावरची चालही बिघडे. फाळक्यांनी प्रथम वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट घेऊन चित्रित केली आणि तो लघुपट दाखवून भांडवल उभे केले. बाहेरच्या उजेडावर विसंबून त्र्यंबक तेलंग यांनी याच कॅमेऱ्यावर चित्रित केलेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला.

कॅमेऱ्याची योग्यता त्याच्या भिंगापेक्षा त्याच्यामागच्या संपूर्ण कार्यपद्धतीवर ठरते, हे फाळक्यांनी ओळखले होते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर त्याही पुढे जाऊन स्वतःच कॅमेरा घडवला, आणि त्यांचा 'सैरंध्री' १९२० मध्ये प्रदर्शित झाला.