कळफलकाच्या दोन अवस्था

दिल्लीच्या करोल बागेत सोने-चांदी गाळणाऱ्या गलाई व्यावसायिकांत सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातून आलेली मराठी माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणी संगणकावर इंग्रजीत पावती करून त्याच कळफलकावर गावाकडे मराठीत चार ओळी लिहू लागला, तर भाषा पालटणारी कळ त्यास आधी दाबावी लागते. ती विसरली, की मराठी अक्षराऐवजी रोमन अक्षर उमटते.

एकाच कळीकडून दोन कामे घेण्याची ही युक्ती संगणकाहून जुनी आहे. १८७८ सालच्या रेमिंग्टन क्रमांक दोन या टंकयंत्रावर शिफ्टची कळ आली, आणि लहान व मोठे रोमन अक्षर एकाच कळीवर मावले. पुढे अशा यंत्रांवर बोट उचलताच यंत्र पूर्वस्थितीस येई. अवस्था कोणती, हे हातालाच कळत असे. संगणकाने ती आपल्या स्मरणात ठेवली, आणि तेथून वादास आरंभ झाला.

१९७६ च्या सुमारास बर्कली येथे बिल जॉय यांनी 'व्हीआय' हा मजकूर-संपादक रचला. तारेवरून अक्षरे इतकी संथ येत, की एका अक्षराची आज्ञा हीच त्यांना सोयीची वाटली. 'आय' दाबले की लेखन सुरू होई. 'एस्केप' दाबले की तीच अक्षरे पुन्हा आज्ञा होत. आज कोपऱ्यात जाऊन बसलेली एस्केपची कळ त्यांच्या एडीएम-३ए यंत्रावर हल्लीच्या टॅबच्या जागी, करंगळीच्या टप्प्यात होती, हे टीकाकार सहसा ध्यानात घेत नाहीत. लॅरी टेस्लर (१९४५-२०२०) यांना तर अशा अवस्थांचा एवढा तिटकारा, की त्यांच्या मोटारीच्या पाटीवरही 'नो मोड्स' अशी अक्षरे होती! नवशिक्यापुरते त्यांचे म्हणणे खरेच होते.

मराठी लेखकाची अडचण मात्र दुहेरी. १९९१ च्या भारतीय मानकातील इन्स्क्रिप्ट मांडणीत स्वर डावीकडे व व्यंजने उजवीकडे आहेत. 'ल'च्याच कळीवर शिफ्टसह 'ळ' मिळतो. ती मांडणी चालू ठेवून एस्केप दाबले, तर पुढची कळ मराठी अक्षरच पाठविते आणि संपादकाला आज्ञा उमगत नाही. म्हणजे दरवेळी अवस्था बदलावयाची, आणि भाषाही.

ब्रॅम मोलेनार (मृत्यू २०२३) यांच्या 'व्हिम'ने २००१ च्या सहाव्या आवृत्तीत यावर उपाय काढला. भाषेचा तक्ता संपादकातच बसविला, आणि कंट्रोलसह टोपीचे चिन्ह दाबून तो चालू-बंद करता येऊ लागला. हा तक्ता लेखनाच्या अवस्थेत लागू होतो. एस्केपनंतर आज्ञा रोमनच राहतात, आणि लेखन पुन्हा सुरू करताच मराठी आपोआप परतते.