किंग्ज लिनच्या चौकातले घोडे

1897 चा फेब्रुवारी. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात, किंग्ज लिन गावच्या ट्यूजडे मार्केट प्लेस या चौकात तुम्ही उभे आहात. बोटं गारठलीत. नाकात कोळशाचा धूर आणि तापलेल्या तेलाचा वास भरलाय. जत्रेला इथे 'मार्ट' म्हणतात. तिला सोळाव्या शतकातली राजसनद आहे, आणि फिरत्या खेळवाल्यांचा वर्षाचा हंगाम इथूनच सुरू होतो.

डावीकडच्या तंबूत खेळवाला रँडल विल्यम्स हलती चित्रं दाखवतोय. त्यापुढे माणसांची रेटारेटी आहे. तुमच्या मुंबईत वॉटसन हॉटेलात हा चमत्कार गेल्याच 7 जुलैला होऊन गेला, पण ते इथे कोणाला सांगत बसू नका. तुम्हाला घोडे गाठायचेत.

ते बघा, तीन-तीनच्या रांगेत. लाकडी, रंगवलेले, नाकपुड्या फुललेले. डाव्या बाजूनं चढा, खऱ्या घोड्यावर चढतात तसं. हे चक्र घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतं ते त्याचसाठी. पिळदार पितळी दांडा घट्ट धरा, गार लागेल. मधोमध वाफेचं इंजिन आहे. शिट्टी वाजते, जमीन सरकू लागते. डोक्यावरचे क्रँक फिरायला लागतात आणि तुमचा घोडा एकदा वर, एकदा खाली उसळतो. पोटात गोळा येतो. चौकातले दिवे लांबट रेघा होऊन मागे पळतात.

शेजारच्या घोड्यावरच्या माणसाचे हात पाहा, भेगाळलेले. शेतमजूर आहे. सुगीनंतरचे कितीतरी दिवस त्यानं मळणीयंत्राला पेंढ्या पुरवल्या असतील. तेही यंत्र वाफेचंच, आणि ते थांबेपर्यंत यालाही थांबता येत नव्हतं. आज मात्र तीच वाफ त्याला पाठीवर घेऊन नाचतेय. या वाफेवरच्या फिरत्या पाळण्यांचं सगळ्यात मोठं देणं मला हेच वाटतं. यंत्र कामगाराला राबवतं हे सगळ्यांनी पाहिलं होतं, ते त्याच्या सुखासाठी राबतानाचं दृश्य त्या काळात दुर्मीळ होतं.

हे जमवलं याच गावच्या फ्रेडरिक सॅव्हेजनं. बाप शिकारचोरीपायी टास्मानियाला हद्दपार झालेला. पोरानं आधी शेतीची यंत्रं बनवली, मग वाफेवरचे पाळणे. पुढे तो गावाचा महापौर झाला, आणि हयातीतच त्याचा पुतळा उभा राहिला. हे 1897 त्याचं शेवटचं वर्ष.

आता कान द्या. हा गलका वाद्यवृंदाचा वाटतो, पण वाजवणारा कोणीच नाही; हा आपोआप वाजणारा ऑर्गन आहे. पॅरिसच्या गाव्हिओलींनी 1892 मध्ये ऑर्गनसाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याची पद्धत आणली. पोथीसारखा घडीघडीचा पुठ्ठा यंत्रातून सरकतो. जिथे भोक, तिथे कळ उचलली जाते, हवा सुटते, नळी बोलते. त्याआधी प्रत्येक नव्या गाण्यासाठी खिळे ठोकलेला अवजड लाकडी रूळच बदलावा लागे. पुठ्ठ्यामुळे नवं गाणं गावोगाव पोचू लागलं, तेही ग्रामोफोन घरोघरी येण्याआधी.

आता डोळे मिटा आणि पन्नासेक वर्षं पुढे या. दुसरं महायुद्ध संपलंय. शेतात ट्रॅक्टर आलेत, वाफेची इंजिनं भंगारात निघालीत. घण पडतात, पितळ वेगळं, लोखंड वेगळं. याच नॉरफकातला जॉर्ज कुशिंग नावाचा माणूस मात्र ती इंजिनं विकत घेऊन थर्सफर्ड गावी आणून ठेवतोय. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्या वेळी काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. पुढे त्यात ऑर्गन आले, लीड्सच्या एका चित्रपटगृहातला अजस्र वुर्लिट्झर ऑर्गन आला, सॅव्हेजच्या कारखान्यातला गोंडोलांचा फिरता पाळणाही आला.

कधी इंग्लंडला गेलात तर थर्सफर्डला हा संग्रह पाहायला जा. इंजिनांचं पितळ पाहून झालं की नुसते दोरीबाहेर उभे राहू नका. गोंडोला सुरू असेल, तर त्यात बसा.